ॲनिमेवरचा ॲक्शन गेम घ्यायच्या आधी : दोन तासांत पारख कशी करायची

२०२५ च्या सप्टेंबरात 'डेमन स्लेयर' या ॲनिमेचा (म्हणजे जपानी कार्टून मालिकेचा) इन्फिनिटी कॅसलवाला पिक्चर इथे थिएटरला लागला, हिंदी डबिंगसकट, आणि तेव्हापासून आमच्या बडोद्यात ओळखीतली निम्मी पोरं मला एकच प्रश्न विचारतात, "मावशी, तंजिरोचा गेम घेऊ का?" (तंजिरो म्हणजे त्यातला हिरो) आणि पोरांच्या मागून त्यांचे आई-बाबा विचारतात, "अगं, तीन-चार हजाराचा आहे म्हणे, खरंच एवढा चांगला असतो का?" दोघांनाही वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. मी गेली बरीच वर्षं हे गेम खेळतेय, काही जीव लावून खेळले, काहींवर पैसे घालवून पस्तावले, आणि त्यातून एक पद्धत बसलीय ती खाली देतेय. नवीन लोकांसाठी आहे, त्यामुळे सगळं मुळापासून.

आधी एक गोष्ट, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. ॲनिमेचा गेम दिसायला ॲनिमेसारखा असणं हे आता फार अवघड राहिलेलं नाही, जवळजवळ सगळेच छान दिसतात. बघायचं असतं ते हे की ॲनिमेत त्या पात्राला जे जमतं ते तुमच्या बोटाला जाणवतं का. उत्तरायणला गच्चीवर उभं राहिलेल्या कुणालाही हे लगेच कळेल, पतंग वर कितीही देखणा असू दे, पेच लागला की सगळा हिशोब बोटावर असतो, मांजा ताणलाय का सैल पडलाय हे डोळ्यांनी बघायला वेळच नसतो, ढील द्यायची का खेचायचं हे बोट सांगतं. गेममधे कंट्रोलरने तेवढंच सांगायला पाहिजे. जो गेम ते सांगत नाही तो बघायला युट्यूबवर फुकट आहेच, विकत कशाला घ्यायचा.

पायरी १ : हा कुठल्या जातीचा गेम आहे ते ओळखा

नवीन माणूस इथेच फसतो कारण कव्हरवर तोच हिरो असतो आणि आत गेम भलताच निघतो. साधारण चार जाती आहेत. एक म्हणजे बाजूने दिसणारा फायटिंग गेम, जसा 'ड्रॅगन बॉल फायटरझी', २०१८ चा, आर्क सिस्टम वर्क्सचा, तीन विरुद्ध तीन. दुसरी अरीना फायटर, म्हणजे मोकळं मैदान, कॅमेरा पाठीमागे, कुठेही पळा उडा, यात 'नारुटो'ची अल्टिमेट निंजा स्टॉर्म सिरीज येते जी २००८ पासून चालू आहे, आणि 'डेमन स्लेयर : हिनोकामी क्रॉनिकल्स' पण येतो, दोन्ही सायबरकनेक्ट२ या एकाच स्टुडिओचे. तिसरी मुसो, एक हिरो आणि समोर शेकडो शत्रू, 'वन पीस : पायरेट वॉरियर्स ४' तसा आहे. चौथी ॲक्शन आरपीजी, फिरा, मासे पकडा, जेवण बनवा, लेव्हल वाढवा आणि मधे मधे मोठ्या फाइट, 'ड्रॅगन बॉल झी : काकारोट' हा २०२० चा.

आणि एक इशारा, 'वन पीस ओडिसी' दुकानात याच रांगेत दिसेल पण तो ॲक्शन नाहीच, त्यात पाळीपाळीने वार करायचे असतात. वाईट नाहीये, पण लुफीचे ठोसे धडाधड मारायला मिळतील म्हणून घ्याल तर हिरमोड होईल.

पायरी २ : ॲनिमेचे तीन नियम कागदावर लिहा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, आणि बहुतेक लोक हीच गाळतात. गेम बघायच्या आधी, ट्रेलर पण न बघता, त्या ॲनिमेच्या जगाचे तीन नियम लिहायचे. पात्रांची नावं आणि फेमस डायलॉग सोडून द्या, नियम लिहा. इथे काय केल्याशिवाय जिंकता येत नाही, कशाची किंमत मोजावी लागते, कशाची भीती असते.

'अटॅक ऑन टायटन'चं घ्या. नियम एक, टायटन, म्हणजे त्यातला महाकाय राक्षस, फक्त मानगुटीवर वार केला तरच मरतो. दोन, तिथपर्यंत पोचायला दोऱ्यांवर उडावं लागतं आणि त्याला गॅस लागतो. तीन, ब्लेड बोथट होतात. आता कोएई टेक्मोचा 'अटॅक ऑन टायटन २' बघा, २०१८ चा, ओमेगा फोर्सने केलेला. त्यात हे तिन्ही नियम तुमच्या हातात दिलेत. हूक टायटनच्या अंगावर मारायचा, लांबून गोल फिरत वेग घ्यायचा, नुसतं जवळ जाऊन कापलं तर वार उथळ बसतो, वेगात आणि नीट कोनातून आलात तर मानगूट कापली जाते. गॅस संपतो, ब्लेड तुटतात, मग ऐन लढाईत सप्लाय देणाऱ्या सैनिकाला शोधत पळावं लागतं. पहिल्यांदा माझा गॅस एका टायटनसमोर संपला तेव्हा माझ्या पोटात खरंच गोळा आला होता, ॲनिमे बघताना आला होता अगदी तसाच. ग्राफिक्सच्या बाबतीत याच्याहून चकचकीत गेम खूप आहेत पण पारखायचं म्हणाल तर मी याला वर ठेवते. (लहान मुलांना देऊ नका हं, रक्तपात भरपूर आहे, एज रेटिंग बघूनच घ्या.)

दुसरं उदाहरण त्याहून मजेशीर आहे. 'वन पंच मॅन'चा नियम एकच, सैतामा एका ठोशात कुणालाही संपवतो. आता याचा फायटिंग गेम करायचा कसा, एक पात्र कायमच जिंकणार असेल तर खेळायचं काय? २०२० मधे स्पाइक चन्सॉफ्टने 'अ हीरो नोबडी नोज' केला त्यात यावर फार हुशार तोडगा काढलाय. सैतामाला टीममधे घेता येतं, त्याला काही लागत नाही, एका ठोशात समोरचा आडवा, पण तो उशिरा पोचतो. स्क्रीनवर त्याच्या येण्याची वेळ उलटी मोजली जात असते आणि तोपर्यंत तुमच्या बाकीच्या दोघांनी कसंबसं टिकून राहायचं, चांगलं खेळलात की तो लवकर येतो. ॲनिमेतही बाकीचे हिरो मार खात त्याची वाटच बघत असतात ना! त्या गेमचं बाकीचं अंग साधारण आहे, फाइट लवकर एकसुरी होतात, पण ॲनिमेचा नियम गेमचा नियम कसा बनवायचा हे शिकायचं तर हे एक उदाहरण पुरे.

आता 'डेमन स्लेयर'वर येऊ, कारण प्रश्न त्याचाच होता. नियम : लढाईत राक्षस मारायचा तर बहुतेक वेळा मानच कापावी लागते, श्वास हीच ताकद, आणि प्रत्येक श्वासाचे वेगवेगळे प्रकार. 'हिनोकामी क्रॉनिकल्स'मधे श्वासाचा भाग छान उतरलाय, स्किलचं एकच बटन, त्याच्यासोबत स्टिकची दिशा किंवा गार्ड (वार अडवायचं बटन) धरलं की पाण्याच्या श्वासाचा वेगळा प्रकार निघतो, प्रत्येकाला गेज (ताकदीची पट्टी) खर्च होतो आणि तो भरेपर्यंत दम धरावा लागतो. मान कापण्याचा नियम मात्र तेवढा नाही उतरला. राक्षसाचा हेल्थ बार, म्हणजे जीव दाखवणारी पट्टी, संपवायचा आणि मग शेवटी स्क्रीनवर जी बटनं येतील ती दाबायची, मान कापली जाते ती व्हिडिओत. दिसतं अप्रतिम, अंगावर काटा येतो, पण कापली कुणी तर व्हिडिओने, तुम्ही नाही. मला हा गेम आवडतो तरी ही तक्रार आहेच, आणि घेणाऱ्याला हे आधी माहीत असावं असं मला वाटतं.

असे तीन नियम लिहून झाले की कागद बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी ३ : ट्रेलर सोडा, मधला व्हिडिओ बघा

ट्रेलरमधे बऱ्याचदा कटसीन असतात, म्हणजे नुसते बघायचे तयार व्हिडिओ. ओळखायची खूण सोपी, स्क्रीनवर हेल्थ बार आणि गेज दिसत नसतील तर तो गेमप्ले धरायचा नाही. कुणीतरी न बोलता खेळलेला व्हिडिओ शोधा, सुरुवात सोडून द्या कारण सुरुवातीवर सगळेच मेहनत घेतात, मधला कुठलाही चॅप्टर लावा आणि सलग वीस मिनिटं बघा. त्या वीस मिनिटांत खेळ किती, व्हिडिओ किती, लोडिंग किती, ते घड्याळ लावून मोजा.

याच पायरीत गोष्ट कशी सांगितलीय तेही कळतं. 'जुजुत्सू कायसेन : कर्स्ड क्लॅश' २०२४ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा लोकांची सगळ्यात मोठी नाराजी हीच होती की स्टोरी मोडमधे ॲनिमेची स्थिर चित्रं एकामागून एक सरकवत गोष्ट सांगितलीय, स्लाइड शो बघतोय असं वाटतं. ज्या ॲनिमेचं नाव तिच्या हलत्या फाइट सीनसाठी आहे तिचंच असं व्हावं याचं मला खरंच वाईट वाटलं. वीस मिनिटांचा व्हिडिओ बघितला असता तर हे घ्यायच्या आधी कळलं असतं.

आणि कंपनीचं नाव बघताना गेम विकणारी आणि गेम बनवणारी यातला फरक लक्षात ठेवा. बंदाई नाम्कोचं नाव डझनभर ॲनिमे गेमवर दिसेल, ती पब्लिशर आहे, बनवणारे स्टुडिओ वेगवेगळे असतात. एक गेम आवडला म्हणून त्याच पब्लिशरचा दुसरा घेऊ नका, त्याच स्टुडिओचा घ्या.

पायरी ४ : पात्रं मोजा, पण नीट मोजा

जाहिरातीत आकडा असतो. हिनोकामी क्रॉनिकल्स २०२१ च्या ऑक्टोबरमधे आला तेव्हा आकडा होता १८. आता उघडून बघा, त्यातली ६ म्हणजे तंजिरो, नेझुको, झेनित्सू, इनोसुके, गियू आणि शिनोबू हीच परत, शाळेतल्या वेशात. अजून एक म्हणजे हिनोकामी नाच करणारा तंजिरो, तो पण तंजिरोच. उरली ११. आणि राक्षस? नेझुको सोडली तर लाँचला एकही खेळायला नव्हता! रुई आणि अकाझा नंतरच्या फुकट अपडेटमधे आले, ते चांगलंच केलं त्यांनी. पण पहिल्या दिवशी पूर्ण पैसे भरणाऱ्याला ते नव्हते. दुसऱ्या टोकाला 'ड्रॅगन बॉल : स्पार्किंग झीरो', २०२४, पहिल्या दिवसापासून १८२ पात्रं, त्यातही गोकू आणि वेजिटाची रूपं ढीगभर आहेत पण वगळून मोजलं तरी भरपूर उरतात.

मोजायची माझी रीत अशी, दोन पात्रांच्या चाली सारख्या आणि कपडे फक्त वेगळे असतील तर ते एकच पात्र. चाली वेगळ्या, अंतर वेगळं, वेग वेगळा, तरच दोन.

पायरी ५ : पैशाचं

साधी आवृत्तीच घ्या. डिलक्स, अल्टिमेट, सीझन पास, हे सगळं तुम्हाला गेम आवडल्यावर पण मिळतं, पळून जात नाही. हे गेम सेलमधे बऱ्यापैकी उतरतात त्यामुळे घाई नसेल तर दिवाळी किंवा डिसेंबरपर्यंत थांबायला हरकत नाही.

फक्त एक उलटी गोष्ट लक्षात असू द्या. ॲनिमेचे हक्क मुदतीचे असतात. 'जंप फोर्स' २०१९ मधे मोठा गाजावाजा करून आला, गोकू नारुटो लुफी सगळे एकत्र, आणि फेब्रुवारी २०२२ मधे डिजिटल विक्रीच बंद झाली, ऑगस्टमधे ऑनलाइनचा बराचसा भाग पण बंद. ज्यांनी घेतला त्यांच्याकडे ऑफलाइन चालतो पण नवीन घ्यायचा तर जुनी डिस्कच शोधावी लागते. म्हणून ज्या गेमचा अर्ध्याहून जास्त जीव ऑनलाइनमधे आहे त्याला मी कमी पैसे मोजते.

भाषा पण इथेच बघून घ्या, स्टोअरच्या पानावर यादी असते. ॲनिमे हिंदीत मिळतं म्हणून गेम पण हिंदीत असेल असं मुलांना वाटतं, तसं बहुतेक नसतं, जपानी किंवा इंग्लिश आवाज आणि इंग्लिश सबटायटल, आणि फाइटमधे वाचायला वेळ नसतो.

पायरी ६ : घड्याळ सुरू करायच्या आधी

पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेत असाल तर नियम असा, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांच्या खाली असेल तर रिफंड मागता येतो. म्हणजे तुमच्याकडे १२० मिनिटं आहेत आणि गेम चालू असताना मेनूत घालवलेली मिनिटं पण त्यातच धरली जातात. म्हणून जेवायला जाताना गेम पॉजवर ठेवून जाऊ नका, बंद करा. प्लेस्टेशनवर हिशोब वेगळा आहे, १४ दिवस तिथेही आहेत पण एकदा डाउनलोड सुरू केलं की साध्या कारणाने पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे तिथे आधी डेमो आहे का बघा किंवा मित्राची डिस्क दोन दिवस मागून आणा, आणि पुढच्या पायऱ्या त्याच्यावर करा.

आता टीव्हीची सेटिंग. हे मी कळकळीने सांगतेय कारण माझ्याकडून एका चांगल्या गेमवर यामुळे अन्याय झालाय. मी हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर खेळत होते आणि काही केल्या वेळेवर गार्ड लागेना, भाचा शेजारी बसून म्हणत होता, "मावशी, तू बटन आधीच दाबलेलंस, मी बघितलं!" आणि मी म्हणत होते की गेमच मंद आहे. आठवडाभर मी चार लोकांना सांगत सुटले की घेऊ नका. मग कळलं की टीव्ही चित्र सुधारत बसतो, त्यात वेळ जातो, आणि सेटिंगमधे गेम मोड म्हणून असतो तो चालू केला की ते बंद होतं. चालू केला आणि त्याच गेममधे गार्ड लागायला लागला. चौघांना परत फोन करून सांगावं लागलं. तर आधी गेम मोड, मग कंट्रोलर शक्यतो वायरने जोडा, मग गेम उघडा.

पायरी ७ : पहिली तीस मिनिटं ट्रेनिंगमधे

स्टोरी लावू नका, मोह होतो पण लावू नका. सरळ ट्रेनिंग किंवा प्रॅक्टिस मोड उघडा, समोर पुतळ्यासारखा उभा राहणारा शत्रू असतो, तिथे अर्धा तास काढा. इथे गेमची नाडी कळते.

पहिलं, बटन दाबल्यापासून हालचाल व्हायला किती वेळ लागतो. हे डोळ्याने सांगता येत नाही पण फोनने मोजता येतं. बऱ्याच फोनमधे सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असतं, ते लावून असा व्हिडिओ घ्या की तुमचा अंगठा आणि स्क्रीन दोन्ही दिसतील. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा, बटन तळाला टेकलं ती फ्रेम, आणि स्क्रीनवर पात्र पहिल्यांदा हललं ती फ्रेम. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलीसेकंद. माझ्या हाताचा अनुभव सांगते, २५ फ्रेमच्या आत असेल तर हात खूष, ४० च्या पुढे गेलं की चिखलात चालल्यासारखं वाटायला लागतं. दहा वेळा मोजा, एका आकड्यावर जाऊ नका. आणि उडी आणि साधा ठोसा यांनीच मोजा, मोठ्या चालींना मुद्दाम तयारीचा वेळ दिलेला असतो.

इथे एक गैरसमज होतो तो सांगते. फायटरझी पहिल्यांदा बघणारे म्हणतात की पात्रं अडखळत हलतात, गेम हँग होतोय का? नाही होत. ॲनिमे सेकंदाला २४ फ्रेमची असते पण एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम तसंच धरलेलं असतं, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं, आणि त्या धरून ठेवण्यामुळेच तो ॲनिमेचा झटका येतो. आर्क सिस्टम वर्क्सने त्रिमितीय मॉडेल पण तसंच हलवलं, पोज धरून ठेवली, मधली हालचाल कॉम्प्युटरला भरू दिली नाही. पण गेम मात्र ६० फ्रेमने चालतो, तुमचं बटन सेकंदाला ६० वेळा वाचलं जातं. डोळ्याला ॲनिमे, हाताला गेम, हे दोन्ही एकत्र साधलेलं मी तरी याच्याइतकं दुसरीकडे बघितलेलं नाही.

दुसरं, वार केल्यानंतर काय होतं. माझा भाचा दांडिया बाजारात जुम्मादादांच्या व्यायाम मंदिरात जातो, ज्याला सगळे माणिकरावांचा आखाडा म्हणतात, तिथे लाठी शिकवताना पोरांना बजावतात की वार झाला की पवित्र्यात परत ये, वार चुकला आणि तू तिथेच लोंबकळलास की समोरच्याने तुला धरलाच. फायटिंग गेममधे अगदी हेच असतं, त्याला रिकव्हरी म्हणतात. मोठा वार हवेत मारून बघा आणि मोजा की पात्र परत पवित्र्यात यायला किती वेळ घेतं, तोवर तुम्ही उघडे. चांगल्या गेममधे मोठ्या वाराची किंमत मोठी असते. जिथे भलीमोठी चाल हवेत मारूनही काहीच बिघडत नाही तिथे दोन दिवसांत सगळे तीच एक चाल मारत बसतात आणि खेळ संपतो. भाच्याला हे मी समजावायला गेले तर तोच मला म्हणाला, "अगं हे तर पवित्रा आहे," आणि तेव्हापासून आमच्या घरात रिकव्हरी हा शब्दच कुणी वापरत नाही.

तिसरं, वार लागला तेव्हाचा तो क्षण. ठोसा बसला की एक निमिष दोघंही थिजतात, मग समोरचा उडतो. हे थिजणं मुद्दाम ठेवलेलं असतं, त्याने वजन येतं. आवाज बंद करून मारून बघा, तरीही जोराचा आणि हलका वार वेगळा कळला पाहिजे. जिथे तलवार समोरच्याच्या अंगातून वाऱ्यासारखी निघून जाते आणि फक्त आकडे उडतात तिथे काय अर्थ?

चौथं कॅमेरा. स्वतःला मुद्दाम कोपऱ्यात नेऊन उभं करा, भिंतीला पाठ लावून. अरीना फायटरमधे बरेच गेम इथेच गळपटतात, कॅमेरा भिंतीत घुसतो, शत्रू दिसत नाही. लॉक-ऑन (एका शत्रूवर नजर खिळवून ठेवणं) सोडून परत लावून बघा, दोन शत्रू असतील तर हव्या त्याच्यावर जातो का ते बघा. कर्स्ड क्लॅशसारख्या दोन विरुद्ध दोनच्या गेममधे तर हे फारच महत्त्वाचं.

पायरी ८ : पुढचा तास, स्टोरी आणि एक परीक्षा

आता लावा स्टोरी, मनापासून लावा. पाठीवर दप्तर टाकून निघाल्यासारखं खेळा, नोंदी करत बसू नका. फक्त दोनदा थांबायचं, एकदा पहिला मोठा बॉस झाल्यावर आणि एकदा तास संपताना, आणि पायरी २ चा कागद काढायचा. तीनपैकी किती नियम हाताला लागले? तीन लागले तर प्रश्नच मिटला. एकही नाही लागला, आणि सगळं फक्त कटसीनमधेच झालं, तर गेम कितीही सुंदर असो, तुम्ही महागडी सीडी विकत घेतलीय असं समजा.

परीक्षा अशी, नॉर्मल डिफिकल्टीवर पाच फाइट एकच बटन दाबत खेळा. डॉज (वार चुकवणं) नाही, गार्ड नाही, नुसतं एक बटन. पाचही जिंकलात तर गेम तुमच्याकडून काही मागतच नाही. एका बटनाने आपोआप कॉम्बो (लागोपाठ वारांची साखळी) होणं यात वाईट काही नाही हं, फायटरझीमधे पण हलकं बटन दाबत राहिलं की कॉम्बो होतो, नवीन माणसाला पहिल्या दिवसापासून गोकू झाल्यासारखं वाटतं आणि ते वाटायलाच पाहिजे. पण तेवढ्यावर शेवटपर्यंत चालता कामा नये, तिसऱ्या-चौथ्या फाइटला कुणीतरी तुम्हाला धडा शिकवायला हवा.

जमलं तर ॲनिमे न बघितलेल्या कुणाच्या तरी हातात दहा मिनिटं कंट्रोलर द्या. माझ्या वहिनीने आयुष्यात एकही एपिसोड बघितलेला नाही, तिला अटॅक ऑन टायटन दिला तर दोन मिनिटांत ती दोऱ्यांवर छपरांमधून उडत होती आणि मारामारी सोडून नुसतीच उडत राहिली, "थांब गं, अजून एक चक्कर," म्हणून कंट्रोलर परत देईना. ओळखीच्या चेहऱ्यांचा आधार काढून घेतल्यावर जे उरतं तो खरा गेम.

पायरी ९ : दोघांत आणि ऑनलाइन

घरी भावंडं आहेत तर एकाच टीव्हीवर दोघांना खेळता येतं का हे आधी वाचून घ्या, गृहीत धरू नका. स्पार्किंग झीरोमधे एवढी मोठमोठी मैदानं, पण लाँचला एकाच टीव्हीवर स्क्रीन वाटून खेळायचं तर फक्त हायपरबॉलिक टाइम चेंबर हे एकच मैदान होतं, बाकी सगळी बंद. रविवारी सेव उसळ खाऊन चार जण खेळायला बसणाऱ्यांना हे नंतर कळलं तर कसं वाटेल विचार करा.

ऑनलाइनसाठी एकच शब्द शोधा, रोलबॅक. जुनी पद्धत अशी की समोरच्याचं बटन पोचेपर्यंत तुमचा गेमही थांबतो, त्यामुळे नेट हललं की सगळंच जड होतं. रोलबॅकमधे गेम अंदाज लावून पुढे चालत राहतो आणि अंदाज चुकला तर गपकन मागे जाऊन दुरुस्त करतो, हाताला फरक जाणवत नाही. फायटरझी २०१८ ला आला तेव्हा जुनी पद्धत होती, रोलबॅक २०२४ मधे आलं, म्हणजे जुनी मतं वाचताना तारीख बघा. आणि वायफायवर पारख करू नका, लॅनची वायर लावा, संध्याकाळी सगळी सोसायटी नेटवर असते तेव्हाच दोन-तीन मॅच खेळा कारण तुम्ही खेळणार त्याच वेळी. मॅच मिळायला पाच मिनिटांच्या वर लागत असतील तर तिथे माणसंच नाहीत, मग ऑनलाइनसाठी म्हणून घेऊ नका.

पायरी १० : १०५ मिनिटांवर थांबा

११९ पर्यंत ताणू नका, गेम बंद व्हायला, क्लाउडला सेव्ह व्हायला वेळ जातो. १०५ ला बंद करा आणि उठून पाणी प्या, मग कंट्रोलर हातात न घेता एकच बघा, मगाशी झालेली एखादी फाइट तुम्हाला आठवतेय का, आणि आठवताना तुमचं बोट हलतंय का. माझं अटॅक ऑन टायटननंतर हललं होतं, हूक सोडायचं बटन मी चहाच्या कपावर दाबत होते.

नाही हललं, तर स्टीमच्या हेल्पमधे जा, परचेस उघडा, गेम निवडा, रिफंड मागा, कारणात खरं तेच लिहा. पैसे ज्या मार्गाने भरले तिथे किंवा स्टीम वॉलेटमधे, दोन्हीपैकी निवडता येतं. मंजूर झाल्यावरही खात्यात दिसायला आठवडाभर जाऊ शकतो, बँकेकडून कधी त्याहून जास्त, त्यामुळे दुसऱ्या दिवशी घाबरून परत परत रिक्वेस्ट टाकू नका.